मोकळ्या जागा आणि आठ नॉब

स्टुडिओतील तरुणाने काम चोख केले होते, हे मी आरंभीच मान्य करतो. माझ्या गुरूंच्या आवाजातील बारा कॅसेटींपैकी पहिलीची प्रत आम्ही नमुन्यादाखल त्याच्याकडे कोरमंगलात पाठवली होती आणि चार दिवसांत ती त्याने काचेसारखी लख्ख करून परत दिली. विजेची गुणगुण नाही, फितीची खरखर नाही, अंगणातले कावळे नाहीत. मूळ कॅसेट तासाभराची होती, ती एकवीस मिनिटांत बसली. मी ती एकदा पूर्ण ऐकली, संगणक बंद केला आणि मुलीला सांगितले की ही प्रत मला मान्य नाही.

आम्ही शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेचे. आमच्याकडे वेद शिकवण्याची रीत अशी की गुरूने मंत्राचा तुकडा एकदा म्हणायचा आणि शिष्याने तोच दोनदा म्हणायचा. याला संथा म्हणतात. माझे अध्ययन निम्म्यावर असताना मला बेंगळुरूच्या एका शाळेत संस्कृत शिक्षकाची नोकरी लागली आणि सीमेवरचे आमचे गाव सुटले. तेव्हा गुरूंनी कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला व वर्षभरात या बारा कॅसेटी भरून पाठवल्या. यंत्रासमोर बसून म्हणणे त्यांना मुळीच रुचत नव्हते. म्हणून त्यांनी यंत्र आहे हे मानलेच नाही. मी समोर बसलो आहे असे धरून त्यांनी संथा दिली. एक तुकडा म्हणायचे आणि मला तो दोनदा म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ गप्प राहायचे. एवढेच नाही. जिथे मी चुकणार याची त्यांना खात्री होती तिथे ती मोकळी जागा संपताच ते म्हणत, "नाही. पुन्हा." आणि तोच तुकडा परत देत. भाड्याच्या खोलीत पहाटे मी कॅसेट लावून बसे, आणि नेमका तिथेच चुकलेला असे.

स्टुडिओतील तरुणाने त्या साऱ्या मोकळ्या जागा कापल्या होत्या आणि "नाही, पुन्हा" हे मंत्रात बसत नाही म्हणून तेही काढले होते. मुलीने त्याला फोन करून विचारले, तेव्हा तो अतिशय आदराने म्हणाला की त्या जागेत काही नव्हतेच. त्याचा दोष नाही. त्याला कोणी संथा दिली नव्हती.

दोष द्यायचा तर तो माझ्या गुरुबंधूला द्यावा लागेल. तो आणि मी एकाच ओसरीवर शिकलो. आज तो गावच्या पाठशाळेचा व्यवस्थापक आहे. श्रावणीला, म्हणजे श्रावण पौर्णिमेला, नवे विद्यार्थी अध्ययनाला बसतात, त्यांना उजळणीसाठी गुरूंचा आवाज टॅबवर द्यायचा, ही कल्पना त्याचीच आणि चांगलीच. पण स्टुडिओची प्रत ऐकून तो प्रसन्न झाला. आवाज किती शुद्ध आला आहे, म्हणाला. उरलेल्या अकराही तिथेच दे, श्रावणीला जेमतेम अडीच महिने आहेत. मी नाही म्हणालो. मग कोण करणार, असे त्याने विचारले, आणि मी करणार असे मी बोलून गेलो.

बोलून गेलो खरा. माझे वय अठ्ठ्याहत्तर आहे. मुलीने सर्व कॅसेटी घरच्या संगणकात आधीच उतरवून ठेवल्या होत्या, त्यामुळे सामग्री हाताशी होती. तिने ध्वनिसंपादनाचा एक कार्यक्रम बसवून दिला आणि तो कसा चालवायचा हे शांतपणे दोनदा समजावले. समजायला अडचण आली नाही. पाणिनीच्या सूत्रांवर आयुष्य गेलेल्या माणसाला पडद्यावरच्या खिडक्यांची भीती वाटण्याचे कारण नाही. अडचण हाताची होती. काही वर्षांपासून माझ्या उजव्या हाताला कंप आहे. वैद्यकीय दृष्ट्या काळजी करण्यासारखा नाही असे डॉक्टर म्हणतात, आणि पळीतले पाणी सांडते एवढे सोडले तर मीही त्याची काळजी करत नाही. पण माऊसला तो चालत नाही. पडद्यावरची बारीक पट्टी धरून गुणगुण किंचित कमी करू जावे तर पट्टी तळाला जाते आणि गुणगुणीबरोबर गुरूंचा घसाही जातो.

एकदा ठरवून ठेवले आणि सोडून दिले, असेही या कॅसेटींत करता येत नाही. आमच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. उदात्ताला हात वर, अनुदात्ताला खाली, स्वरिताला बाजूला. गुरू एकटे बसूनही हात चालवत होते आणि हाताबरोबर थोडे कलत होते, त्यामुळे आवाज माइकजवळ येतो, दूर जातो. त्यात गावची वीज. तिची गुणगुण कधी वाढे, कधी मावळे. म्हणजे कॅसेट चालू असताना, ऐकता ऐकता, हात सतत फिरता हवा.

मुलगी म्हणाली, "अप्पा, स्वल्प ऐका माझं. तुम्ही शेजारी बसा, कमी-जास्त सांगा, मी करते."

तसे आम्ही एक रविवार करून पाहिले. मी "कमी" म्हणेपर्यंत ती जागा निघून गेलेली असे. "आता वाढव" म्हणेपर्यंत गुरू पुढच्या पदावर. कानाला कळते आणि हाताने होते, यांच्या मध्ये तिसरे माणूस शिरले की संथा मोडते. दुपारपर्यंत आम्ही दोघेही थकलो आणि थोडे भांडलोही.

"हा हट्ट आहे तुमचा."

"आहे," मी म्हणालो.

तिने हात जोडले, पण संध्याकाळी तीच एक माहिती घेऊन आली. अशी यंत्रे मिळतात की ज्यांना स्वतःचा आवाज मुळीच नसतो. वर नुसते नॉब असतात. नॉब फिरवला की यंत्र शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंतचा एखादा आकडा संगणकाला कळवते आणि पडद्यावरची पट्टी त्याप्रमाणे सरकते. त्याला मिडी कंट्रोलर म्हणतात. कोणत्या नॉबने कोणती पट्टी हलवायची हे आपणच एकदा शिकवून ठेवायचे, आणि आवाज चालू असता हाताने जे जे केले ते संगणक लक्षात ठेवतो. मला ती रचना आवडली. स्वतः मौन राहून दुसऱ्याचा आवाज सांभाळणारे साधन. यात अपवित्र काय आहे ते मला अजून कोणी सांगितलेले नाही. सांगण्याचा प्रयत्न मात्र बऱ्याच जणांनी केला. आमच्या मंडळात दर एकादशीला पाठ असतो, तिथे एका सद्गृहस्थांनी आता डीजे होणार काय असे विचारले. मी म्हटले, गणपतीत तुमच्या गल्लीत लावतात तेवढा मोठा लावणार नाही.

मग आम्ही के. आर. पुरमहून मेट्रोने शहरात, वाद्यांच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस पन्नाशीचा, कन्नड बोलणारा. धोतर-उपरण्यातला म्हातारा पाहून त्याने नम्रपणे "बन्नी स्वामी", या स्वामी, म्हटले आणि नातवासाठी पाहताय का, असे विचारत रंगीत चौकोन लुकलुकणारा एक लहान कीबोर्ड पुढे केला. माझ्यासाठी पाहतो आहे, असे मी कन्नडात सांगितले. त्याने मुलीकडे पाहिले. मुलीने छताकडे पाहिले.

हे मात्र म्हटले पाहिजे की त्यानंतर तो मनुष्य एकदाही हसला नाही. त्याने मला खुर्ची दिली, संगणक जोडला आणि प्रत्येक यंत्र हाताखाली ठेवले. पहिल्या यंत्राचे नॉब जुन्या रेडिओसारखे होते, दोन्ही टोकांना अडणारे. तेच घेऊन टाकू असे मला वाटले, कारण ती चाल माझ्या ओळखीची होती. त्याने थांबवले. यात एक खोट आहे, म्हणाला. एका आवाजासाठी नॉब निम्म्यावर ठेवला आणि दुसऱ्या आवाजाकडे वळलात, तर तिथे पट्टी पावावर असते आणि नॉब मात्र निम्म्यावरच; बोट लावताच आवाज उडी मारतो. त्याने करून दाखवले. उडी मी ऐकली, आणि ते यंत्र बाजूला झाले.

दुसऱ्या प्रकारच्या नॉबना एन्कोडर म्हणतात. ते कुठेच अडत नाहीत, कितीही फिरवा. आपण कुठे आहोत हे ते सांगत नाहीत; किती आणि कोणत्या दिशेने सरकलो एवढेच सांगतात. त्यामुळे पट्टी जिथे असेल तिथूनच पुढे जाते, उडी नाही. प्रत्येकाभोवती बारीक दिव्यांचे कडे असते आणि पट्टी कुठवर आली ते त्या दिव्यांवरून कळते. मोतीबिंदू काढलेल्या माझ्या डोळ्यांना ते दिवे छान दिसले. इथपर्यंत आम्हा तिघांचे एकमत होते.

एन्कोडरांतही दोन जाती निघाल्या. एक लोण्यासारखा गुळगुळीत फिरणारा, दुसरा खाचेखाचेने, बोटाला टिकटिक लागणारा. दुकानदाराने खाचांचा पुढे केला. मी गुळगुळीत मागितला. त्याने माझ्या हाताकडे पाहिले आणि जपून विचारले, "स्वामी, डावा हात स्थिर दिसतोय तुमचा. डाव्याने फिरवाल का?"

नाही, म्हणालो. स्वर उजव्या हाताने शिकलो आहे, तो उजव्यानेच सांभाळीन. मुलगी मराठीत पुटपुटली की देवाला यातलं काही दिसत नसतं. मी तिला म्हटले, "देवाला दिसत नसेल. मला दिसतं."

मग तो म्हणाला, उजवाच असेल तर खाचांचा घ्या. इथे मी त्याला दहा मिनिटांचे व्याख्यान दिले, ज्याची आज मला लाज वाटते. स्वर म्हणजे अखंड प्रवाह. तो उदात्तावरून स्वरितावर उतरतो तेव्हा पायऱ्या मोजत उतरत नाही. खाचांनी कापलेल्या साधनाने त्याला हात लावणे शास्त्राला धरून नाही, इत्यादी. कन्नडात शास्त्र सांगणे मला सोपे जाते आणि समोरच्याला नाही म्हणणे अवघड जाते. तो फक्त "सरी स्वामी" म्हणाला आणि आठ गुळगुळीत नॉबांचे यंत्र बांधून दिले. पंधरा दिवसांत बदलून घेता येईल, हे मात्र त्याने दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी संध्या आटोपून मी कामाला बसलो. पहिला नॉब आवाजाचा, दुसरा गुणगुणीचा, तिसरा खरखरीचा. डोळे मिटले, कॅसेट लावली आणि तासभर हात चालवला. किती सुख झाले ते काय सांगू. गुरू दूर जात तेव्हा मी त्यांना जवळ आणत होतो. मोकळ्या जागी गुणगुण खाली नेत होतो, पण अंगणाचा श्वास ठेवत होतो, कारण अगदी पोकळ शांततेत शिष्याला तोंड उघडावेसे वाटत नाही. संपल्यावर मी ते मुलीला अभिमानाने ऐकवले.

तिने थोडे ऐकले आणि आवाज थांबवला. "अप्पा, गुरुजींचा आवाज असा होता?"

मी पुन्हा लावले. गुरूंचा आवाज थरथरत होता. दीर्घ स्वर जिथे सरळ रेषेत उभा राहायचा तिथे तो बारीक लहरींनी हलत होता. पासष्टाव्या वर्षीही ज्यांचा स्वर दगडी खांबासारखा होता, ते गुरू माझ्या संगणकात माझ्याएवढे म्हातारे झाले होते. तो कंप माझा होता. गुळगुळीत नॉबने तो जसाच्या तसा टिपून त्यांच्या कंठात घातला होता. स्टुडिओतल्या मुलाने गुरूंचे मौन कापले म्हणून मी इतका संतापलो होतो. मी तर त्यांचा स्वर नासवला होता.

आठवडाभर मी ते कबूल केले नाही. कोपर टेकून पाहिले, मनगटाखाली पंच्याची घडी ठेवून पाहिली, श्वास रोखून पाहिला. मुलगी काही बोलली नाही; तिचे न बोलणे मला चांगले ऐकू येते. मधल्या काळात गुरुबंधूचा फोन आला. कुठवर आले, असे त्याने विचारले. चालले आहे, असे मी सांगितले. नसेल जमत तर हरकत नाही, तो म्हणाला, स्टुडिओवाल्याची तारीख मी धरून ठेवली आहे. त्या वाक्याने माझे काम केले. दुसऱ्या दिवशी यंत्र खोक्यात भरून मी एकटाच मेट्रोत बसलो.

दुकानदाराने खोके परत घेतले. त्याने खाचांचे यंत्र काढून जोडले आणि माझा हात त्यावर ठेवला. हात कापत होता. दिवा जागचा हलला नाही. कंप खाचेच्या आतल्या आत घोटाळत होता, त्याला काठ ओलांडता येत नव्हता. मी मनाने ठरवून बोट वळवले तेव्हाच टिक झाले आणि एक पायरी सरकली. मी आणखी एक वळवली. मग परत घेतली. भरभर फिरवले की आकडे मोठ्या उड्या मारतात अशी एक सोय त्यात होती, ती त्याने बंद करून दिली. तेवढ्या वेळात मला जे आठवायला हवे होते ते आठवले. ऱ्हस्वाची एक मात्रा, दीर्घाच्या दोन, प्लुताच्या तीन. लहानपणी गुरूंनी मला प्रवाह शिकवलाच नव्हता, बोटांवर मात्रा मोजायला शिकवले होते. शास्त्राच्या नावाने मी ते व्याख्यान दिले, आणि शास्त्राचे पहिलेच पान विसरलो होतो.

दुकानदाराला मी हे सारे सांगितले. चूक मोठ्या आवाजात केली होती, तेव्हा ती मोठ्या आवाजातच कबूल करणे भाग होते. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "आता स्वल्प हळू फिरवा, एवढंच."

त्यानंतर पाच आठवडे मी रोज सकाळी बसलो. त्या यंत्राचे आठांपैकी तीनच नॉब मी वापरतो, यावरून मुलगी चिडवते. राहिलेले पाच तिला आंदण दिले आहेत. काम कंटाळवाणे आहे आणि मला कंटाळा येत नाही. एका मोकळ्या जागेसाठी कधी सकाळ जाते. तिथे आधी गुणगुण उतरवायची, मग गुरूंचा पुढचा श्वास सुरू होण्याआधी नेमकी परत चढवायची, म्हणजे सांधा दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मी त्या जागा नुसत्या ऐकत होतो. पुढे माझ्या नकळत तुकडा दोनदा म्हणू लागलो, आणि एके ठिकाणी म्हणून झाल्यावर कानावर आले, "नाही. पुन्हा." हात नॉबवर होता. मी खरोखरच चुकलो होतो. चोपन्न वर्षांनी, त्याच पदावर. नॉब सोडला, कॅसेट थांबवली आणि ते पद सुधारेपर्यंत त्या दिवशी दुसरे काही केले नाही.

पहिली कॅसेट तयार झाली ती तासाला दोन मिनिटे कमी. आरंभीची व शेवटची कोरी फीत तेवढी मी काढली. ती गावी पाठवली आणि चौथ्या दिवशी गुरुबंधूचा फोन आला. आवाज छान निघाला आहे, म्हणाला. गुरू समोर बसल्यासारखे वाटतात. मग मुद्द्यावर आला. तास फार होतो. समितीला एकवीस मिनिटांची प्रत आवडली आहे, मुलांनाही तीच सोयीची.

"त्या रिकाम्या जागेत पोरं काय करणार रे?"

"म्हणतील," मी म्हणालो. "आपण काय केलं?"

"ते 'नाही, पुन्हा' तरी काढ. त्या तुझ्या चुका होत्या. पोरांनी का ऐकून घ्यायचं?"

"जो चुकत नसेल त्यानं तो तुकडा एकदा जास्त म्हणावा. झिजणार नाही."

तो हसला, पण लगेच सावरला. समितीचे ठराव असतात, तू असा अडून बसलास तर मलाच उत्तर द्यावे लागते, वगैरे सांगू लागला. मी त्याला बोलू दिले. मग विचारले, तुमच्या समितीतल्या किती जणांनी संथा घेतली आहे. मी पुढे म्हटले की एकवीस मिनिटांची प्रत त्यांच्याकडे आहे, ती ते वाजवतील तर मी येऊन हात धरणार नाही. पण उरलेल्या अकरा कॅसेटी माझ्या कपाटात आहेत. त्या गुरूंनी मला दिलेल्या संथा आहेत. येतील तर पहिलीसारख्याच येतील, गुरूंच्या गप्प बसण्यासकट. नाहीतर माझ्याबरोबर जातील. स्टुडिओची तारीख त्याने आजच्या आज सोडून द्यावी.

"या वयात इतका माज बरा नाही," तो म्हणाला.

"याच वयात परवडतो."

फोनवर त्याच्या मागे पाठशाळेतली मुले काहीतरी घोकत होती, ते अस्पष्ट येत होते. मग त्याने घसा साफ केला.

"दुसरी कधी पाठवतोस?"

झाल्यावर, म्हणालो. घाई करशील तर आणखी उशीर करीन.